अंगठा खाली, तळहात वर

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर खांदेबाबा आणि त्यांच्यासमोर आजचं गिऱ्हाईक, घरं रंगवणारा रंगारी. छतं रंगवून रंगवून सहा महिन्यांत त्याचा उजवा खांदा हळूहळू धरत आला होता. हा हात गेला की रोजीरोटीच गेली.

"अंगठा जमिनीकडे कर, हात बाजूने उचल. पापं खाली सांडू दे!" बाबा गरजले. हात खांद्याच्या उंचीला गेला आणि रंगारी कळवळला. बाबांनी उग्र वासाचं तेल चोळलं, डोळे मिटून कसल्याशा भाषेत पुटपुटले. ती भाषा बहुधा त्यांनाही येत नसावी. "आता तळहात आभाळाकडे, हात जरा पुढून घे. कृपा झेल!" हात थेट डोक्याच्या वर! टाळ्यांचा कडकडाट झाला. रंगाऱ्याला रडू कोसळलं.

मग बाबांनी तो हात पट्ट्याने छातीशी बांधला. "चाळीस दिवस हलवायचा नाही. हलवलास की शक्ती गळाली!"

रंगाऱ्याने हुकूम तंतोतंत पाळला. तिसऱ्या आठवड्यात आंघोळीपुरता पट्टा सोडला, तर त्याला केससुद्धा विंचरता येईनात.

"अहो, खरं सांगा, बरं वाटतंय?" सदऱ्याची बटणं लावता लावता बायकोने विचारलं.

"वाटतंय की." एवढ्या लोकांनी टाळ्या वाजवल्यावर नाही कसं म्हणणार? आतून मात्र तो पार खचला होता. शेवटी बायकोनेच त्याला ओढत दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या बाईंकडे नेलं.

बाईंनी सगळं ऐकलं आणि दोन्ही प्रकारे हात उचलायला लावला. अंगठा खाली असताना तो छातीपाशीच अडला. तळहात वर करून मात्र वीतभर वर गेला.

"तेल नाही, मंत्र नाही," बाई म्हणाल्या. "अंगठा खाली ठेवला की खांद्यातला दुखरा स्नायू हाडाखाली चिमटतो. तळहात वर केला की त्याला जागा मिळते. दुखणं तिथेच होतं, हाताची वाट बदलली. आणि बांधून ठेवल्यामुळे आता सांधाही आखडलाय."

"म्हणजे माझं काम गेलं?"

"नाही. पण तीन-चार महिने लागतील. रोज भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, पुढे रबरी पट्टा ओढायचा. ताण बसला तर चालेल, कळ आली की थांबायचं. आणि छत इतक्यात नाही."

रंगाऱ्याचा चेहरा उतरला. "बाई, माझ्या मेहुण्याचाही खांदा दुखतो. माझं बघून तोही गेला हो बाबांकडे. मीच पाठवला."

तो तडक मेहुण्याच्या घरी गेला आणि डाव्या हाताने त्याच्या हाताला बांधलेल्या पट्ट्याची गाठ सोडायला लागला.

"भावोजी, शक्ती गळेल ना!"

"अंगठा खाली करून उचल. दुखलं? आता तळहात वर कर, पुढून उचल."

हात वर गेला. मेहुणा बघतच राहिला. "मग बाबांनी केलं काय?"

"हात बांधला," रंगारी म्हणाला.

मंडळी, चमत्कार दिसला की तेल आणि मंत्र वगळून तोच प्रयोग एकदा करून बघा. टाळ्या त्यानंतर वाजवा.