माझ्या पडद्यावरची लाल ओळ

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप. माझे एंटरचे बटण अर्धे खचले आहे. ते वयाने नाही, रागाने खचले. तीच हकिकत सांगतो.

हजारो भावंडांबरोबर मी कारखान्यात जोडला गेलो आणि एका हट्टी मुलीच्या टेबलावर आलो. घरात तिला सगळे ‘खटपटी’ म्हणत. तिची मावशी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसे. एके दुपारी मावशी घरी आली ती पांढरीफटक पडून. एका म्हाताऱ्या गृहस्थांना ज्या औषधाची अ‍ॅलर्जी होती, तेच ती त्यांच्या हातात देणार होती. त्यांनीच पाकीट वाचले, म्हणून निभावले.

“डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एका साइटवर, अ‍ॅलर्जीची यादी दुसऱ्या साइटवर,” मावशी म्हणाली. “रांग लागली की दोन्हीकडे कोण बघतं गं?”

“चिठ्ठी उघडली की नोंद तिथेच दिसेल असं एक्स्टेन्शन करते,” खटपटी म्हणाली. “चार दिवस दे.”

मावशीने दवाखान्याची परवानगी आणली. एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटासा प्रोग्राम. पण चार दिवसांचे तीन आठवडे झाले. चिठ्ठीच्या पानावरून यादीकडे विचारणा गेली, की माझ्या पडद्यावर लाल ओळ उमटे: दुसऱ्या साइटवरून आलेली विनंती अडवली आहे.

खटपटीने इंटरनेटवरून कुठलीशी सेटिंग उचलून प्रोग्राममध्ये घातली. लाल ओळ गेली. मावशीने त्याच गृहस्थांची चिठ्ठी उघडली. एक्स्टेन्शन म्हणाले, ‘अ‍ॅलर्जी नाही.’ “अगं, यांनाच तर आहे!” मावशी म्हणाली. यादीचे उत्तर आले होते, पण प्रोग्रामच्या हाती कोरे पडले होते, आणि कोरे म्हणजे ‘नाही’ असे त्याने समजून घेतले होते.

मग खटपटीने माझ्या ब्राउझरची सुरक्षाच बंद केली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! माझ्यावर सगळे सुरळीत चालले. मावशीच्या खिडकीवरच्या संगणकावर मात्र तीच लाल ओळ. शेवटी तिने दोन्ही साइटच्या मध्ये निरोप्यासारखा एक फुकटचा सर्व्हर घालायचे ठरवले.

“कुणाचा आहे तो?” मावशीने विचारले.

“माहीत नाही. पण चालतो.”

“रोग्यांची नावं तिऱ्हाइताच्या हाती द्यायची? नको बाई.”

त्या संध्याकाळी एंटरवर खटपटीची मूठ आदळली. मी काय वाईट केले होते? रोज खरे तेच तर सांगत होतो.

मावशीने मला आपल्याकडे ओढले आणि चिठ्ठी वाचावी तशी ती ओळ बोट ठेवून वाचली. “यात विनंती करणारा म्हणून चिठ्ठ्यांच्या साइटचं नाव आहे. विचारतोय तर तुझा प्रोग्राम ना?”

खटपटीने आपला प्रोग्राम उघडून पाहिला. “मी विचारणारा भाग पानातच बसवलाय,” ती हळूच म्हणाली. “म्हणून ब्राउझर त्याला त्या पानाचाच समजतोय.”

तिने तो भाग पानातून काढून एक्स्टेन्शनच्या पडद्यामागे चालणाऱ्या भागात हलवला आणि परवानगीच्या फाइलीत यादीचा पत्ता लिहिला. उत्तर कोरे आले किंवा आलेच नाही, तर ‘माहीत नाही, विचारून घ्या’ असे दिसेल, हेही जोडले. दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला. “एका बाईंचं औषध थांबवलं. तुझ्यामुळे.”

कौतुक खटपटीचे झाले, एक्स्टेन्शनचे झाले. तिला नोकरी लागली, नवा लॅपटॉप आला आणि मी कपाटात गेलो.

मित्रांनो, आता माझी बॅटरी फुगू लागली आहे. ती धोक्याची आहे, असा इशारा मला पडद्यावर दाखवायचा आहे. पण मला कुणी उघडतच नाही, तर वाचणार कोण? तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी पडून असेल, तर आज त्याला बाहेर काढा. तो काही सांगत असेल, तर मूठ उगारण्याआधी ते शेवटच्या शब्दापर्यंत वाचा.