सहा नंबरचा आवाज

मी कमलाकांतचा सिंथेसायझर बोलतोय. नाव जड वाटतं ना? मुरबे गावात ते कुणालाच पेललं नाही. तिथे मी 'विजेची पेटी'. हार्मोनियमच्या पंक्तीत बसवलं म्हणून आधी मला राग यायचा, आता येत नाही.

माझा जन्म जपानचा, १९८५ चा. माहीमचा एकनाथ जहाजावर भांडारी, म्हणजे स्वयंपाकी होता. त्याने मला हौसेने आणलं, दोन-चार पट्ट्या वाजवल्या आणि कपाटावर टाकून दिलं. दोन वर्षांनी कमलाकांत मला घ्यायला आला. तो अठ्ठ्याहत्तरपासून हळदीच्या पार्ट्यांत बेस गिटार वाजवायचा. लोक नाचायचे त्याच्या बेसवर आणि दाद मिळायची गाणाऱ्याला! त्याने माझं एक बटण दाबलं, मग दुसरं, आणि जेवायचंच विसरला. तेव्हाच मी ओळखलं, हा माझा माणूस.

तो बोईसरच्या एका कारखान्यात सोल्डरिंग करायचा. तिथे टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम बनत. नव्वद साली कारखान्याने स्वतःचा खेळ काढायचं ठरवलं, होड्यांच्या शर्यतीचा. तिथले इंजिनिअर वामनसाहेब यांनी कमलाकांतला संगीत करायला सांगितलं. त्याने माझ्यावर आवाज घडवायचे, मग ते आकड्यांत उतरवून खेळाच्या चिपमध्ये भरायचे. आवाज पसंत पडले तर कमलाकांत सोल्डरिंगच्या बाकावरून कायमचा उठणार होता. नाही तर मुंबईचा कुणीतरी ते काम करणार होता.

घरी वेगळाच करार होता. त्याचे बाबा जानू तांडेल म्हणाले होते, "नारली पुनवेपातूर बग. जमलं तं ठीक, नाय तं माज्यासंगं नावेवर यायचं."

तीन महिने खपून त्याने माझ्यात आठ आवाज घडवले. सहा नंबर म्हणजे त्याचा जीव की प्राण. मागून येणाऱ्या होडीचं इंजिन होतं ते. ऐकलं की खेळणाऱ्याने घाबरलंच पाहिजे. सगळे आकडे वहीत उतरवून ठेवायचे, तर ह्या पठ्ठ्याला लिहायचा भारी आळस. "उद्या लिवतो" म्हणत जुलै सरत आला. माझी स्मरणशक्ती पोटातल्या सहा सेलवर चालते, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

वामनसाहेबांना आवाज ऐकवायच्या आदल्या दिवशी तो सकाळच्या पाळीला गेला. नाव पावसाळ्यापुरती किनाऱ्यावर ओढून ठेवली होती. तिच्या इंजिनाची बॅटरी जानूबाबांनी केव्हाच काढून घरात आणली होती. पडून असलेल्या यंत्रात बॅटरी ठेवायची नाही, हा त्यांचा नेम. त्या सकाळी त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी भिंतीतली पिन काढली, पाठीचं झाकण उघडून सहाही सेल काढले आणि माझं पोट फडक्याने पुसलं. मायेने पुसलं हो! आणि मी कोरा झालो.

कमलाकांत तीनला आला. पिन लावून त्याने सहा नंबर दाबला. नुसती सपाट पिपाणी वाजली.

"बाबा, याला कोन शिवलं?"

"मी. सेल गलतात रे बाला, मशीन सडते. म्हनून काडून ठेवले."

"त्यात माजं सगलं व्हतं."

"सेलात?" जानूबाबांना काही कळेना.

तो ओरडला असता तर परवडलं असतं. पण त्याने नुसते सहाही सेल परत माझ्या पोटात बसवले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तो कामाला लागला. सात आवाज हातांना आठवत होते, ते कसेबसे परत आले. सहावा काही केल्या येईना. शेवटी त्याने हात टेकले. "उद्या मी जात नाय," तो म्हणाला.

जानूबाबा दारात उभे होते. ते नुसते गप्प राहिले असते तरी पुरे होतं. पुनव आठवड्यावर आली होती, पोरगा आपसूक नावेवर आला असता. ते दोनदा बाहेर गेले, दोनदा परत आले.

मग ते शेजारी येऊन बसले. "तो आवाज इतका साफ नव्हता. आपलं इंजिन थंड असताना धरतं ना, तसा. आदी खोकतं, मंग दम घेतं, मंग उचलतं." तीन महिने भिंतीआडून ऐकलेला आवाज त्यांनी तोंडाने काढून दाखवला. कमलाकांतने बेस ओढून घेतला, जाड तारेवर तो सूर धरला, मग माझ्यावर शोधू लागला.

"आजून खाली," जानूबाबा म्हणाले. "आजून."

दिवेलागणीला माझ्यातून इंजिन सुरू झालं. या वेळी कमलाकांतने आकडे लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशी वामनसाहेबांनी सहा नंबर तीनदा ऐकला आणि म्हणाले, "हाच पाहिजे." पुनवेनंतर नाव निघाली, तेव्हा कमलाकांतच्या जागी भाड्याचा खलाशी होता. जानूबाबांनी नावेवरून हात केला.

पुढे पाच खेळांना आमचं संगीत लागलं. आम्ही बोईसरजवळ सरावलीत बिऱ्हाड केलं. मग बाहेरून स्वस्त गेम आले आणि शहाण्णवला कारखाना बंद पडला. कमलाकांत पुन्हा हळदीत बेस वाजवतो. माझ्या निम्म्या पट्ट्या मुक्या झाल्या आहेत. त्याची बायको हंसा म्हणते, पेटी भंगारात द्या. तिचंही चूक नाही, खोली ती केवढी!

द्या, माझी तक्रार नाही. फक्त एक ऐका. यंदा जानूबाबांनी नाव विकली, इंजिनासकट. मला देण्याआधी त्यांना एकदा सरावलीला आणा आणि सहा नंबर दाबा. खुर्ची जरा जवळ ठेवा, हल्ली त्यांना कमी ऐकू येतं.