पाठीवरची चेन

हो, मीच बोलतोय. रेणूचा ड्रायसूट. अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या या गॅरेजमध्ये, बर्फातले टायर आणि गणपतीच्या मखराचं खोकं यांच्या मधोमध जो काळा पोशाख लटकलाय ना, तोच मी. बिनडोक्याचा माणूस टांगल्यासारखा दिसतो म्हणून एक कुरिअरवाला मला बघून दोन पावलं मागे सरकला होता. तुम्ही घाबरू नका. मी कुणाला काही करत नाही, करू शकत नाही, तेच तर दुःख आहे.

आधी एक सांगून टाकतो. मी म्हणजे पोहायचा साधा पोशाख नव्हे. लोक गल्लत करतात आणि माझं डोकं फिरतं, म्हणजे असतं तर फिरलं असतं. इथल्या समुद्राचं पाणी भर उन्हाळ्यातही फ्रीजमधल्या बाटलीइतकं गार. माझ्या आत मात्र एक थेंब शिरत नाही. लोकरी मोजे आणि जाड कपडे घालून माणूस माझ्यात शिरतो, पाठीवर हवेची टाकी घेऊन खाली मासे बघून येतो आणि कोरडाच्या कोरडा वर निघतो. मला शिवलं तेव्हा हवा भरून टम्म फुगवलं होतं आणि अंगभर साबणाचा फेस फासून कुठे बुडबुडा निघतो का ते पाहिलं होतं. एकही निघाला नाही. तेव्हापासून मी जरा ताठच आहे.

पण माझी चेन पाठीवर आहे, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. ती घालणाऱ्याला स्वतःची स्वतः लावता येत नाही. हात कितीही पिरगाळा, पोचतच नाही. मागे दुसरं कुणीतरी उभं असावं लागतं. रेणूच्या मागे प्रीता असायची.

रेणू नागपूरची. उन्हात वाढलेली, खरी थंडी कशाशी खातात हे तिला इथे येऊन कळलं. प्रीता ठाण्याची, त्याच ऑफिसातली, भारी खटपटी बाई. तिनेच रेणूला ओढत डायव्हिंगच्या क्लासला नेलं. "चाळिशी आली ना, मग आता नाही तर कधी, यार?" असं तिचं म्हणणं. रेणू "बाप्पा, मरायला बोलावतेस का?" असं म्हणाली आणि गेली. तिसरा ऋषी, त्यांचाच सहकारी, दोघींपेक्षा जास्त अनुभवी आणि म्हणून जरा मास्तरकी करणारा.

शनिवारी सकाळी तिघं सिएटलच्या अल्काय किनाऱ्यावर जायचे. डिकी उघडायची, थर्मासातला आल्याचा चहा निघायचा, प्रीताच्या डब्यातली थालीपिठं निघायची. मग रेणू हातांना पावडर चोपडून माझ्यात शिरायची, पाठ वळवायची आणि म्हणायची, "प्रीता, लाव गं."

"श्वास घे. आता सोड. अगं, फुगलीयेस किती!"

"तुझ्याच थालीपिठांनी!"

चेन सर्रकन लागली की प्रीता माझ्या खांद्यावर दोन थापा मारायची. म्हणजे झालं, आता उतरायचं. खोटं कशाला बोलू, मी त्या थापांची वाट बघायचो.

एकदा मात्र मी अडकलो. अर्ध्यात चेन जी रुसली ती पुढेही जाईना आणि मागेही. प्रीताने ओढलं, ऋषीने ओढलं, रेणूने मला नागपुरी शिव्या घातल्या. शेवटी सगळा बेत कॅन्सल केला. तिघं गाडीत बसून पाऊस बघत खात बसले आणि इतके हसले की काचांवर वाफ धरली. दुसऱ्याच आठवड्यात प्रीता मेणाची कांडी घेऊन आली. दर वेळी माझ्या चेनीवर ती फिरवायची, अगदी मन लावून. मी पुन्हा कधी अडकलो नाही, आणि याचाच मला आज पश्चात्ताप होतो.

गेल्या हिवाळ्यात दोघींनी एकच ध्यास घेतला होता, ऑक्टोपसचा. इथल्या खडकांत माणसाएवढे मोठे ऑक्टोपस राहतात. मादी अंडी घालते आणि ती राखत बसते, खाणंपिणं सोडून. ते बघायचं होतं दोघींना. किती शनिवार गेले, दर्शन काही होईना. मग ऋषीने बातमी आणली की एका बुडालेल्या होडीखाली मादी बसलीये. रविवारपासून वादळ येणार होतं, म्हणून शनिवारच गाठायचा ठरला.

त्या सकाळी प्रीता मेण लावत होती आणि मागून सारखी नाक ओढत होती. चेन लावता लावता ती हळूच म्हणाली, "कानाला जरा दडा बसल्यासारखं वाटतंय गं. सर्दी गेली नाहीये पूर्ण."

ऋषी दर वेळी एक नियम म्हणून दाखवायचा. पाण्यात उतरायचं नसेल तर कुणीही, कधीही नाही म्हणावं, कारण विचारायचं नाही. पण आपल्या लोकांना नाही म्हणणं किती जड जातं ते तुम्हाला ठाऊक आहेच. दोन जण पहाटे उठून आलेत, थालीपिठं झालीत, एवढं ठरलंय, आता आपणच कसा मोडता घालायचा? प्रीताने नाही म्हटलं नाही, तिने नुसता कान सांगितला. पुढचं रेणूने ओळखायचं होतं.

रेणू समुद्राकडे बघत होती. म्हणाली, "खाली गेल्यावर मोकळा होतो गं. चल ना यार, आजच चान्स आहे."

"बरं," प्रीता म्हणाली. दोन थापा पडल्या.

अहो, मी अडकायला हवं होतं त्या दिवशी! चेनीचा एक दात वाकडा झाला असता तरी पुरे होतं. पण मी इतका गुळगुळीत लागलो की काय सांगू. तिनेच तर मेण लावलं होतं.

पाण्यात थोडं खाली गेल्यावर प्रीता थांबली. तिने कानाकडे बोट दाखवलं आणि तळवा हलवला, म्हणजे काहीतरी बिघडलंय. रेणू थांबली. खाली ऋषीचा टॉर्च होडीपाशी पोचलेला दिसत होता. रेणूने हाताने खुणावलं, ये, हळूहळू ये. पाण्याच्या दाबाने बसलेला कान मोकळा करायला प्रीताने नाक दाबून जोरात फुंकर मारली, मग आणखी जोरात. आणि ती एकदम गरगरली. वर कुठे, खाली कुठे, तिला कळेना. रेणूने तिचा दंड पकडला आणि वर येईपर्यंत सोडला नाही. माझ्या बाहीवर प्रीताची बोटं इतकी रुतली होती की मला वाटलं आज फाटणार मी. ऑक्टोपस कुणीच पाहिला नाही.

आतल्या कानाला इजा झाली, असं डॉक्टर म्हणाले. पुन्हा डायव्हिंग नाही. रेणू एकदा खिचडी घेऊन भेटायला गेली. खोली फिरतेय म्हणून प्रीता डोळे मिटून पडली होती, तेवढं बघून परत आली आणि गॅरेजमध्ये गाडीतच बसून रडली. त्यानंतर ती गेली नाही. याच गाडीत बसून फोनवर बोलायची, "या वीकेंडला नाही जमत गं, पुढच्या करू." फोन ठेवून स्टिअरिंगवर डोकं टेकायची. नवऱ्याला एकदा म्हणाली, "कुठल्या तोंडाने जाऊ? ती सांगत होती, मी ऐकलं नाही." त्याने "मग हेच तिला सांग ना," असं म्हटलं. हिने मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं!

मेमध्ये प्रीता स्वतःच आली. तिला देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्फारेटात, नवी नोकरी लागली होती, सामान आवरून झालं होतं. रेणू तिच्यासाठी चहा करायला आत गेली आणि तेवढ्यात प्रीताचा फोन वाजला. सवयीने तिने तो डाव्या कानाला लावला, मग पटकन उजव्याला.

"बोल ऋषी. हो, तिच्याकडेच आहे. नाही रे, डाव्याने काहीच येत नाही ऐकू, गेला तो कायमचा. रेणूला सांगू नकोस हां. उगाच जिवाला लावून घेईल."

मग खिशातून तिने मेणाची कांडी काढली आणि माझ्या चेनीवर फिरवायला लागली. उजव्या बाजूला कपड्यांचा ड्रायर घरघरत होता. रेणू चहाचे कप घेऊन डाव्या बाजूने आली, मागेच थांबली आणि कप टायरवर ठेवले. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "प्रीता, माझं चुकलं. तू कान सांगितलास आणि मी तुला खाली नेलं. मला माफ करशील?"

मेणाची कांडी माझ्यावर फिरतच राहिली, एकदा, पुन्हा एकदा. रेणू वाट बघत उभी. काम झाल्यावर प्रीताने सवयीने माझ्या खांद्यावर दोन थापा मारल्या, वळली आणि म्हणाली, "झालं. अधूनमधून लावत जा हं, नाहीतर कडक होईल."

रेणूचा चेहरा जो पडला! तिला वाटलं, हेच उत्तर. आणि प्रीता, बिचारी, इतके महिने एका शब्दाची वाट बघत आलेली, तिने तो पडलेला चेहरा पाहिला आणि तिला वाटलं की आपण नको आहोत इथे. "चल, निघते मग. पॅकिंग राहिलंय," असं खोटंच म्हणाली. दोन्ही कप टायरवर गार झाले.

मी ओरडलो नसेन असं वाटतं तुम्हाला? पण बिनडोक्याच्या सुटाला तोंड कुठलं!

कांडी अजून समोरच्या फळीवर आहे. रेणूने तिला हात लावलेला नाही, पाण्यातही ती पुन्हा उतरलेली नाही. माझी चेन आता कुरकुरते. आज सकाळी तिने मला विकायला माझे फोटो काढले, शनिवारी कुणी अनिश नावाचा मुलगा मला न्यायला येणार आहे. त्याला ती फोनवर सांगत होती, "चेन छान आहे, माझी मैत्रीण मेण लावायची." आणि मैत्रीण म्हटल्यावर तिने फळीवरच्या कांडीकडे बघितलं.

मला नेऊ दे त्याला. माझं काही म्हणणं नाही, त्याच्या मागेही कुणीतरी उभं राहील. पण तुमच्यापैकी कुणी रेणूला ओळखत असेल तर एवढा निरोप द्या. म्हणावं, ती रागावली नव्हती गं. तिला ऐकूच आलं नाही. तेच सगळं पुन्हा एकदा म्हण, फोनवर म्हटलंस तरी चालेल. फोन ती आता उजव्याच कानाला लावते.