खंड्याच्या गळ्यातला पट्टा

मित्रांनो, बाहेरच्या पडवीत, वहाणा ठेवतात त्या कोपऱ्यात खुंटीला चामड्याची एक वाळकी पट्टी लोंबते आहे ना, तो मी. माझ्या टोकाला पितळेची कडी आहे आणि कडीला एक घुंगरू. घुंगरातली लोखंडी गोळी गंजून कधीच चिकटून बसली. ते आता वाजत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण या घरात माझ्याविषयी नाही नाही ते बोललं जातं.

मी घडलो कल्याणच्या बाजारात. एका म्हाताऱ्या चांभाराने मला तेल पाजून पाजून मऊ केलं आणि दुहेरी टाके घातले. ठाण्याला आगगाडी येऊन तेव्हा तीसेक वर्षं झाली होती. कचेरीतले कारकून हरिहरपंत काही कामासाठी कल्याणला आले होते, त्यांनी मला उचललं आणि ठाण्याला घरी आणून खंड्याच्या गळ्यात बांधलं.

खंड्या म्हणजे मातकट रंगाचा, एक कान मोडलेला कुत्रा. दिसायला यथातथाच. पण हरिहरपंतांच्या पत्नी रखमाबाई यांनी त्याला डोळे उघडायच्या आधीपासून कापसाच्या बोळ्याने दूध पाजलं होतं. घरात मूल नव्हतं. त्या माउलीची सगळी माया या मोडक्या कानाच्या वाट्याला आली होती, आणि लाडाने तो पार शेफारला होता.

फाटकापुढून माणूस गेलं की त्याच्या अंगावर धावून जायचं, हा त्याचा धंदा. त्याने टपालवाल्याचं धोतर फाडलं. मासे विकणारी बायजा रोज कोपरीहून यायची, तिची पाटी त्याने दोनदा रस्त्यावर पालथी केली. शेवटी हरिहरपंतांनी निक्षून सांगितलं, की महिन्याभरात हा सुधारला नाही तर खाडीपलीकडे नेऊन सोडीन. रखमाबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत.

उपाय सुचवला तो बायजानेच. तिच्या कोपरीत धाकू नावाचा माणूस होता. एका गोऱ्या साहेबाची शिकारी कुत्री त्याने बारा वर्षं सांभाळली होती. साहेब विलायतेला निघून गेला आणि धाकू लोकांची द्वाड कुत्री वळणावर आणून देऊ लागला. हरिहरपंतांनी त्याला बोलावणं धाडलं.

धाकूच्या हाती काठी नव्हती. कनवटीला सुक्या बोंबलाचे तुकडे मात्र असायचे. तो मला धरून खंड्याला शीळ गावाकडच्या रस्त्यावर न्यायचा, बैलगाड्यांच्या वर्दळीत मधोमध उभा राहायचा आणि हलकेच म्हणायचा, ‘बैस.’ खंड्या उठला की पुन्हा ‘बैस’. माणसं जात, गाड्या जात, दुसरी कुत्री अंगावर येऊन भुंकत. तो बसून राहिला, की बऱ्याच वेळाने धाकू म्हणायचा, ‘चल.’ मग बोंबील. पहिले काही दिवस खंड्याने इतके हिसके दिले, की माझे टाके उसवायला आले. पण तिसऱ्या आठवड्यात तो परक्या माणसाकडे पाहून चक्क शेपटी हलवू लागला. सांगायला लाज कशाला, मला फार अभिमान वाटला.

मग धाकूने रखमाबाईंना शिकवायला घेतलं. रस्त्याच्या कडेला उभं राहून मोठ्याने बोलायचं म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई. पदर तोंडाशी धरून त्या कशाबशा ‘बैस’ म्हणत, आणि ‘चल’ म्हणायच्या आधीच घरात पळत. धाकूने त्यांना थांबवलं.

“बाई, येवढं ध्यानात ठेवा,” तो म्हणाला. “तुमी ‘बैस’ म्हनलाव का तो बसंल. पन ‘चल’ म्हनल्याबिगर उठायचा नाय. मरंल, पन उठायचा नाय.”

हे तो कौतुकाने म्हणाला होता. मी त्या वेळी खंड्याच्या गळ्यातच होतो.

पुढची दोन वर्षं सुखाची गेली. बायजा त्याला माशांची डोकी टाकू लागली. टपालवाला त्याच्या मोडक्या कानामागे खाजवायचा. माझं घुंगरू खुळखुळलं, की रखमाबाई चुलीपाशी बसल्याबसल्या हसायच्या.

तिसऱ्या वर्षी भाद्रपदात पिसाळलेलं एक कुत्रं गावात चार-पाच जणांना चावलं. दवंडी पिटली गेली, की गळ्यात पट्टा नसलेलं कुत्रं दिसेल तिथे मारलं जाईल. काठीवाले दिवसाढवळ्या गल्ल्यागल्ल्यांतून फिरू लागले. हरिहरपंत घरी येऊन म्हणाले, की आपल्याला कसली काळजी, आपल्या खंड्याला पट्टा आहे. ते ऐकून मी उगाच ताठ झालो.

आणि पितृपक्षात हरिहरपंतांच्या वडिलांचं श्राद्ध आलं. श्राद्धाचं जेवण कुत्र्याच्या नजरेस पडू द्यायचं नाही, आणि सगळं आटोपल्यावर त्याचा घास मात्र त्याला घालायचा, अशी रीत. चामडंही सोवळ्यात चालत नाही. सकाळी खंड्या रखमाबाईंच्या पायांत घुटमळू लागला, तेव्हा गुरुजींनी नाक मुरडलं. हरिहरपंतांनी मला त्याच्या गळ्यातून सोडवून या खुंटीवर अडकवलं. रखमाबाईंनी त्याला कुंपणाबाहेर शेवग्याखाली नेलं, ‘बैस’ म्हणाल्या आणि लगबगीने आत गेल्या. घास घेऊन लगेच परत यायचं, हे त्यांच्या मनात होतं.

पण कावळा येईना. पान छपरावर ठेवलेलं, गुरुजी खोळंबलेले, हरिहरपंत हात जोडून उभे. सासऱ्यांची काय इच्छा राहिली असेल, या घोराने रखमाबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. अंगणातलं प्रत्येक माणूस मान वर करून छपराकडे पाहत होतं. फाटकाकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

मला खुंटीवरून शेवग्याचा शेंडा दिसत होता, बुंधा दिसत नव्हता. गल्लीतली कुत्री केकाटत पळाल्याचं मी ऐकलं. मागून माणसांची पावलं आली. खंड्याचं भुंकणं ऐकू आलं नाही. धाकूने मोडलेली खोड त्याने पुन्हा केली नाही. मग नुसता काठीचा आवाज आला. कावळे कुठे गेले होते ते तेव्हा मला कळलं. ते सगळे शेवग्यावर जमले होते.

बायजा पाटी टाकून धावत आत आली. “समदी पलाली बाई, ह्यो येकटा बसून ऱ्हायला,” ती म्हणाली. “त्यांना बगून शेपटी हालवीत व्हता.”

संध्याकाळी धाकू आला. शेवग्याखालची ओली माती त्याने पायाने सारखी केली. मग फाटकाशी उभा राहून त्याने एकच विचारलं, “‘चल’ कोनी म्हनला नाय?”

धाकूने त्यानंतर कोणाचंच कुत्रं शिकवायला घेतलं नाही, असं बायजा सांगायची.

मला कोणी टाकून दिलं नाही, की हातही लावला नाही. माझं तेल सुकलं, कातडं तडकलं. दर वर्षी त्या तिथीला मात्र रखमाबाई काम करता करता थबकत. घुंगरू वाजलं, म्हणत. हरिहरपंत उठून पडवीत येत, माझ्याकडे पाहत आणि मान हलवत परत जात. मित्रांनो, शपथेवर सांगतो, मी वाजत नव्हतो. पण त्या वेळी शेवग्याखाली कोणीतरी बसलेलं आहे, असं मलाही वाटायचं. ज्या गळ्यात आपण असायचो त्या गळ्याची ऊब पट्ट्याला ओळखू येते.

हरिहरपंत गेले. रखमाबाईंचे केस पांढरे झाले. गेल्या पितृपक्षात, पान छपरावर ठेवून सगळे कावळ्याची वाट पाहत असताना, त्या श्राद्धाला बसलेल्या पुतण्याच्या देखत उठल्या आणि सोवळ्यानेच पडवीत आल्या. त्यांनी मला खुंटीवरून काढलं आणि उराशी धरलं. गुरुजी आतून काहीतरी म्हणाले, ते त्यांनी ऐकलं नाही. एका हातात घास आणि एका हातात मी, अशा त्या शेवग्याखाली गेल्या. घास खाली ठेवला. रस्त्याने माणसं जात होती. त्यांनी तोंडावरचा पदर बाजूला केला.

“खंड्या,” त्या मोठ्याने म्हणाल्या, “चल बाळा. उशीर झाला मला. चल.”

माझ्यातली गोळी गंजून चिकटलेली आहे, हे मी सुरुवातीलाच सांगितलं. तरी त्या घराकडे वळल्या तेव्हा माझं घुंगरू वाजलं. फाटकापर्यंत वाजत राहिलं. रखमाबाई एकदाही मागे न पाहता, कोणी बरोबर चालत असावं तशा हळूहळू आत आल्या.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, असं माझं मागणं नाही. माझं आयुष्य झालं. तुमच्या घरी जो कोणी तुमच्या एका शब्दावर बसून राहतो, मग तो मुका असो की बोलका, त्याला तिथे बसवून विसरू नका. कितीही गडबड असू दे, आधी जा आणि त्याला ‘चल’ म्हणा.