इंदूरला जागा

हैदराबादचा विमानमार्ग मंजूर झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धावपट्टीच्या टोकाला अख्खं हैदराबाद येऊन उभं राहिलं. आमची धावपट्टी आखूड. तिच्यावर मोठं विमान उतरू शकत नाही, म्हणून शहरंच येतात.

महिला मंडळाची अध्यक्ष म्हणून औक्षणाचा मान माझा. मी हैदराबादला कुंकू लावलं, ओवाळलं आणि म्हटलं, "या, आपलंच घर समजा." ते तसंच समजलं. दुपारपर्यंत ते एसटी स्टँडवर पसरलं होतं. गाव खूश! बिर्याणी खायला लोक चपला अडकवून चालत निघाले. पुढे गोवा आला. त्याचा समुद्र भाजी मंडईत मावला. अहमदाबादने कॉलेजचं मैदान घेतलं. प्रत्येक घोषणेला फटाके वाजत, आणि सगळ्यांत मोठी लड माझी असे.

मला मात्र इंदूर हवं होतं. माझी शर्वरी तिथे दिलेली. तिचा आठवा महिना सरत आला होता, डॉक्टरांनी गाडीचा प्रवास बंद केला होता, आणि पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं यावर आम्ही दोघी अडून बसलो होतो.

विमानतळाचे व्यवस्थापक धनवटे साहेब एक दिवस हसतच घरी आले. "काकू, नव्या मार्गांत इंदूर पक्कं झालंय!"

मला इतका आनंद झाला की औक्षणाचं तबक मी तिथल्या तिथे घासायला काढलं.

"फक्त जागा राहिली नाही," ते म्हणाले. "तुम्ही प्रत्येकाला आपलंच घर समजा म्हणता ना, तिथंच घोटाळा होतो."

"मग पाहुण्याला काय म्हणू? पाय आखडून बसा?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. गावात आता माझंच घर उरलं होतं. शेजारचे हत्तरगे हैदराबादेत राहायला गेले होते आणि मजेत होते.

"घ्या की मग हे," मी म्हणाले. "लेक येतेय, घराचं काय घेऊन बसलात!"

सकाळी जिलबीच्या वासाने जाग आली. इंदूर आलं होतं. मी निरांजन लावेपर्यंत स्वयंपाकघर गेलं, मग देवघर, मग शर्वरीसाठी आवरून ठेवलेली खोली. मी आनंदाने ओवाळत मागे सरत गेले. पायाखाली पाटाएवढी जमीन उरली होती आणि चारी बाजूंना शहरं होती. मी तबक छातीशी धरून उभी राहिले.

समोर इंदूरमधलं एक दार उघडलं. शर्वरी! एका हाताने पोट सावरलेलं, दुसऱ्या हातात बाळंतविड्याची पिशवी.

"आई, आले गं माहेरी!"

"ये गं माझी बाय, ये!" मी कुंकवाचं बोट पुढे केलं.

तिने खाली पाहिलं. तिच्या पाठीमागून तिचं शहर अजून पुढे सरकतच होतं.

"आई, जरा सरक ना," ती म्हणाली आणि तिने पाऊल उचललं.