भावकीबाहेरची जोडी

युगुलगीत गाताना कमलाकर वेणूच्या डोळ्यांत बघायचा नाही. डाव्या भुवईच्या साधारण दोन बोटं वर, केस सुरू होतात त्या रेषेवर बघायचा. दहा-बारा फुटांवरून हा फरक कळत नाही, त्यामुळे प्रेक्षक खूश असत. वेणू मात्र हातभर अंतरावर उभी असे, आणि सात वर्षांत ती नजर एकदाही खाली उतरलेली तिने पाहिली नव्हती.

पनवेलच्या त्या ऑर्केस्ट्रात हे दोघं मुख्य गायक. चार वर्षांपूर्वी श्रीवर्धनच्या वाटेवर गाडी पंक्चर झाली, तेव्हा कमलाकर चाकाकडे बघत म्हणाला होता, "आपण लग्न करू या. एवढा सीझन संपू दे." ती हो म्हणाली. पण ऑर्केस्ट्राचा सीझन कधी संपतो? जत्रा आटोपल्या की हळदी, हळदी आटोपल्या की गणपती, मग नवरात्र. मध्ये चार दिवस मोकळे मिळालेच, तर कमलाकरचा घसा बसलेला असे, आणि बसलेल्या घशाने असले विषय काढणं त्याला प्रशस्त वाटत नसे.

गावोगावच्या लोकांनी मात्र त्यांचं लग्न केव्हाच लावून टाकलं होतं. पोस्टरवर 'कमलाकर-वेणू' अशी जोडनावं. बायका वहिनी वहिनी करत तिची ओटी भरायच्या. पहिल्यांदा कमलाकर संकोचाने गप्प राहिला, आणि नंतर खुलासा करायला फार उशीर झाला. वेणूच्या कपाटात त्रेसष्ट खण साठले होते. गाडी चालवणारा मुबारक म्हणायचा, "वेणूताई, निकाहाआधीच एवढा आहेर जमवलेली तुम्ही पहिलीच."

माघी गणपतीच्या दौऱ्यातला शेवटचा कार्यक्रम तळोज्याच्या पुढच्या एका गावात होता. त्याच दिवशी दुपारी बारापर्यंत वेणूला दादाला उत्तर द्यायचं होतं. दादाने कळंबोलीचं स्थळ आणलं होतं. लोखंडाचं दुकान, वय पंचेचाळीस, माणूस सरळ. "हो म्हण, नाही म्हण, पण आज म्हण," दादा म्हणाला होता, "त्या माणसाला काही सीझन नसतो." सकाळी गाडीत वेणूने हे सगळं कमलाकरला सांगितलं. तो "हं" म्हणाला. मग त्याने खिडकीची काच खाली केली. मग वर केली.

साडेअकरा उलटून गेल्यावर गाडी मंडपाशी थांबली, तर मंडळाचा अध्यक्ष जगन धावतच आला.

"दादा, वहिनी, देवासारखे आलात! सत्यनारायणाला जोडीनं तुमीच बसा."

"आम्ही?" कमलाकर म्हणाला.

"आमाला सुतक पडलंय ना. विरारला आमच्या भावकीतला म्हातारा गेला, सत्त्याण्णव वर्षांचा. नऊ वाजता फोन आला. आणि गाव सगळा एकाच भावकीचा."

"फोन उचललातच कशाला?" त्याची बायको भामा मागून कडाडली. "कळला नसता तर सुतक लागला नसता. पूजा झाल्यावर उचलायचा ना!"

"अगं, मला काय माहीत, मेल्याचा फोन हाय म्हणून?"

"विरारवरून दुसरा कशाचा येतो?"

"मग जावई नाहीत का गावात?" वेणूने विचारलं.

"हायेत ना, पाच जावई. पाचही पहिल्या पाळीला कंपनीत. आणि गुरुजींना साडेबाराला दुसरीकडे जायचंय."

वेणू कमलाकरकडे वळली. आता तरी हा तोंड उघडेल असं तिला वाटलं. पण तो तिथे नव्हताच. कोणीतरी त्याच्या पँटवरूनच सोवळं गुंडाळलं होतं आणि तो पाटावर जाऊन बसला होता. नाही म्हणण्यापेक्षा सत्यनारायण सोपा, असा त्याने हिशोब केला असावा.

"या वहिनी, उजव्या बाजूला," गुरुजी म्हणाले. "पदराला गाठ मारायची आहे."

ओटीचं एक वेळ ठीक, पण देवापुढे खोटं बसायचं हे वेणूला जमणार नव्हतं. ती पाटापाशी उभीच राहिली.

"गुरुजी, आम्ही नवरा-बायको नाही."

मंडपातला स्पीकर तेवढा वाजत राहिला. मुबारकने जाऊन तोही बंद केला.

"नाय म्हणजे?" जगन म्हणाला. "पोस्टरवर तर हायेत."

"पोस्टरवर आहोत. लग्न झालेलं नाही."

"आणि मी तीन वर्षं हिची ओटी भरतेय!" भामाने कपाळावर हात मारला. "काय रं बाबा, खरं हाय?"

कमलाकरने घसा साफ केला. "म्हणजे तसं ठरलंय. फक्त हा सीझन..."

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "अहो, बिनलग्नाचा माणूस एकटा बसला तरी पूजा होते. आधी सांगायचं नाही का? जगनशेठ, तो दुसरा पाट उचला."

इतकं सोपं होतं तर. वेणू मागे सरली. चार वर्षांत कमलाकरचं कशावाचून अडलं नव्हतं, आजही अडणार नव्हतं. तिच्या पर्समध्ये फोन वाजू लागला. बाराला दहा कमी होते. दादाच असणार.

जगन पाटाला हात घालायला वाकला. पण पाट हलेना. कमलाकरने त्यावर पंजा दाबून धरला होता.

"राहू दे," तो म्हणाला.

"अहो, एकट्याला दोन पाट कशाला?" गुरुजी म्हणाले.

"राहू दे म्हणतो ना."

एवढंच. पुढे काही येतंय का म्हणून सगळ्यांनी वाट पाहिली. त्याचे कान लालभडक झाले होते आणि पंजा पाटावरून निघत नव्हता. वेणू त्या पंजाकडे बघत राहिली. या माणसाकडून याहून जास्त निघणार नाही, हे तिला कळलं. आणि आपणही चार वर्षं नुसती वाटच पाहिली, एकदाही तारीख मागितली नाही, हेही कळलं.

तिने फोन घेतला.

"काय गं, काय ठरलं?" दादाचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत पोचला.

"दादा, कळंबोलीला नाही कळव," वेणू म्हणाली. "मी कमलाकरशी लग्न करतेय, याच महिन्यात. त्यालाही हे आत्ताच कळतंय."