दरवर्षी नव्याने लिहिलेला फळा

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. पण शाळेतला नव्हे. माझ्यावर कधी कविता लिहिली गेली नाही की पाढे लिहिले गेले नाहीत. माणसाच्या कमाईतला किती वाटा सरकारला द्यायचा आणि किती घरी न्यायचा, एवढंच माझ्यावर लिहिलं जाई. ऐकायला रुक्ष वाटतं ना? मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं. पण इतकी हसरी माणसं क्वचितच एखाद्या फळ्याच्या वाट्याला आली असतील.

एका सुताराने मला जोडलं, घासलं आणि काळा रंग देऊन उन्हात उभं केलं. मला बनवून घेणारे गृहस्थ करसल्लागार होते. गल्लीच्या तोंडाशी त्यांची दोन खोल्यांची कचेरी होती. येणारा जाणारा दारात उभा राहून विचारी, "काका, यंदा कर किती?" उत्तर देता देता काकांचा चहा रोज थंड होई. शेवटी त्यांनी मला दाराशेजारी टांगलं आणि लिहिण्याचं काम आपल्या धाकट्या बहिणीवर सोपवलं. तीही तिथेच हिशेब बघायची. सारी गल्ली तिला ताई म्हणे.

ताईचं अक्षर असं, की जास्त कर भरणाऱ्यालाही क्षणभर बरं वाटावं. ती माझ्यावर खालून वर पायऱ्या काढायची. सगळ्यांत खाली एक रेघ. त्या रेघेपर्यंतच्या कमाईवर काहीच कर नाही. तिच्यावर पहिली पायरी, तिथल्या कमाईवर थोडा कर. मग दुसरी, तिथे त्याहून जास्त. माझ्या लहानपणी या पायऱ्या इतक्या होत्या, की शेवटची लिहायला ताईला स्टुलावर चढावं लागे. उजव्या बाजूला सवलती असत. मुलांच्या शिक्षणाचा खर्च, विम्याचा हप्ता, असलं काही असेल तर तेवढी रक्कम कमाईतून वजा करायची आणि मग पायऱ्या चढायच्या.

वर्षातून एकदा सरकार नवे दर जाहीर करी. त्या दिवशी गल्ली माझ्यापुढे लोटायची. काका आत रेडिओला कान लावून बसत आणि एकेक आकडा मोठ्याने सांगत. ताई बाहेर जुना आकडा पुसून नवा लिही. बेकरीवाला हातांना पीठ तसंच ठेवून येई. चांभार रांगेतल्या गिऱ्हाइकांना सांगे, "आधी देशाचं बघू, मग तुमचा अंगठा शिवू."

आणि टपालबाबू येई.

टपालबाबू म्हणजे आमच्या गल्लीत पत्रं वाटणारा. रोज कचेरीत पत्र असायचंच असं नाही, पण तो रोज थांबायचा. दिसेल तो आकडा वाचायचा आणि ताईला काहीतरी विचारायचा. गल्लीत तो एकटाच तिला ताई म्हणत नसे. तो तिला 'अहो' म्हणे. ही गोष्ट माझ्या आधी बेकरीवाल्याच्या लक्षात आली होती.

एकदा तो आला तो तोंड पाडून. त्याला बढती मिळत होती. वाटपाचं काम सोडून मोठ्या टपाल कचेरीत टेबलाशी बसायचं होतं.

"मी नाही म्हणणार आहे," तो म्हणाला. "पगार वाढला की मी वरच्या पायरीवर जाणार. मग सगळ्या पगारावर जास्त दराने कर. आमच्यातले सगळे म्हणतात, बढती घेतलीस तर बुडशील."

मित्रांनो, मी ताईच्या अगदी जवळ होतो, म्हणून सांगतो. टपालबाबू वरच्या जागेवर गेला, तर या गल्लीत पत्रं घेऊन दुसराच कुणी येणार होता, हे तिला कळत होतं. 'बरोबर आहे तुमचं' एवढं म्हणाली असती तरी पुरलं असतं. पण तिने खडू घेतला.

"इकडे बघा. तुमचा पगार या दुसऱ्या पायरीवर जितका चढला, तितक्याच भागाला हा वरचा दर. खालच्या भागाला खालचाच. आणि या रेघेखालच्या भागाला काहीच नाही, आजही नाही आणि बढतीनंतरही नाही."

"म्हणजे हातात येणारे पैसे कमी होणार नाहीत?"

"वाढतील. कर थोडा जास्त जाईल, पण घरी जास्तच जाईल. घ्या बढती."

"मग या गल्लीत कोण येणार?"

"कुणीतरी येईल," ताई म्हणाली आणि माझा एक कोपरा उगाचच पुसत राहिली. तो कोपरा स्वच्छच होता.

टपालबाबूने बढती घेतली. नवा पत्रवाला भला माणूस होता, पण तो माझ्याकडे ढुंकूनही पाहत नसे. ताईचं अक्षर तसंच सुरेख राहिलं. फक्त ती पूर्वीसारखी गुणगुणत नसे.

मग नवे दर जाहीर होण्याचा दिवस आला. गर्दीत मागे, इस्त्रीचा सदरा घालून टपालबाबू उभा होता. काका आतून ओरडले, "यंदा नवीन आहे. लग्न झालेल्यांना करमुक्त मर्यादा जास्त, बिनलग्नाच्यांना जुनीच."

ताईने ती ओळ लिहिली. लोक आपापले हिशेब करत पांगले. टपालबाबू पांगला नाही.

"अहो, ही ओळ जरा समजावून सांगता?"

"सोपी आहे. लग्न झालेल्याला कर कमी."

"म्हणजे माझं नुकसान होतंय."

"होतंय खरं."

"किती?"

ताईने माझ्या कोपऱ्यात गणित मांडलं. "वर्षाला एका चपलांच्या जोडाइतकं."

"एवढ्यासाठी लग्न करावं का माणसाने?"

"एवढ्यासाठी करू नये."

"आणि दुसऱ्या कशासाठी असेल तर?"

आत काकांनी रेडिओ एकदम बारीक केला. ताई माझ्याकडेच बघत म्हणाली, "दुसऱ्या कशासाठी असेल, तर सवलतीची वाट कशाला बघितली?"

"धीर होत नव्हता. आज सरकारने दिला."

तिने ते गणित पुसलं. "उद्या दादाशी बोलायला या," ती म्हणाली. आतून काका म्हणाले, "उद्या कशाला? मला सगळं ऐकू येतंय."

लग्न झालं. आता ती त्याला 'अहो' म्हणू लागली.

आणि गंमत बघा. पुढच्याच वर्षी ती सवलत रद्द झाली. आदल्या वर्षी लिहिलेली ती ओळ ताईला स्वतःच्या हाताने पुसावी लागली. बेकरीवाला म्हणाला, "ताई, आता नवरा परत करणार का?"

"परत करायची मुदत टळून गेली," ताई म्हणाली. गल्ली कितीतरी वेळ हसत होती. टपालबाबू सगळ्यांत जास्त हसला.

मित्रांनो, तेव्हापासून मी किती सवलती येताना आणि जाताना पाहिल्या. ताईला मुलगी झाली तेव्हा मुलांसाठीची सूट होती. ती शाळेत जाऊ लागली आणि सूट गेली. एका वर्षी पुरात पूल वाहून गेले, म्हणून करावर आणखी थोडा अधिभार बसला. लोक रागावले. कुणीतरी माझ्यावर चिखलही फेकला. ताईने मला धुतलं आणि खाली लिहिलं, 'हे पैसे पुलांसाठी'. पूल बांधून झाले, अधिभार मात्र राहिला. काका म्हणत, "पाहुणा म्हणून आला आणि घरजावई होऊन बसला." पुष्कळ वर्षांनी तोही गेला.

पायऱ्या मात्र कमी कमी होत गेल्या. वरचे दर उतरले. स्टूल चांभाराकडे गेलं, त्याला बसायला झालं. खालची रेघ कधी वर सरके, कधी वर्षानुवर्षं हलत नसे. ती सरकली की लोक आनंदाने टाळ्या वाजवत. तेव्हा ताई बेकरीवाल्याला विचारी, "पाव किती वाढला?" तो भाव ती रेघेशेजारी लिही. पाव जास्त वाढला असेल, तर टाळ्या आपोआप थांबत. आणि रेघ न हलता नुसते पगार महागाईमागे वाढले, तर माणसं नकळत वरच्या पायरीवर जात. त्यावर बेकरीवाला म्हणे, "श्रीमंत झालो म्हणे मी. कुणी पाहिलं का?"

पुढे सगळे आकडे फोनवर येऊ लागले. काका थकले. मी कपाटामागे गेलो. तिथे कोळ्यांनी माझ्यावर जाळी विणली. तीही दरवर्षी नवीच असत.

आता कचेरी ताईची मुलगी चालवते. यंदा सरकारने दोन वाटा ठेवल्या. सवलती घ्या आणि जास्त दराने भरा, नाहीतर सवलती सोडा आणि कमी दराने भरा. कोणती बरी, ते कॉम्प्युटर चटकन सांगतो, पण का बरी ते लोकांना कळेना. दिवसभर तोच प्रश्न ऐकून मुलीने मला कपाटामागून ओढून काढलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि दाराशेजारी टांगलं. मध्ये उभी रेघ मारून तिने दोन जिने काढले. तिचं अक्षर आईइतकं चांगलं नाही, पण लोक थांबले, वाचू लागले, एकमेकांशी वाद घालू लागले. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

त्या संध्याकाळी ताई आणि टपालबाबू फिरत फिरत आले. दोघांचे केस पांढरे झाले आहेत. म्हाताऱ्यांसाठीची रेघ यंदा बरीच वर गेली होती. टपालबाबूने आपलं निवृत्तिवेतन पायऱ्यांशी ताडून पाहिलं. ते पहिल्या पायरीपर्यंतही पोचत नव्हतं.

"म्हणजे आपण आता कुठल्याच पायरीवर नाही?" त्याने जरा हिरमुसून विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "जिने चढून झाले, अहो. आता अंगणात बसायचं."

मुलीने आतून दोन खुर्च्या आणून माझ्याखाली ठेवल्या, आणि ती दोघं खरोखरच बसली.

मित्रांनो, एक दिवस तुम्हीही कमवाल. तेव्हा माझ्यासारख्या एखाद्या फळ्यापुढे थांबा. गेल्या वर्षीचं ज्ञान घेऊन यंदाचा हिशेब करू नका, आणि कळलं नाही तर विचारायला लाजू नका. आम्हां फळ्यांना ओलीत ठेवू नका, खिळ्याने आमच्यावर ओरखडे काढू नका. मऊ फडक्याने पुसा. आमच्यावर लिहिलेलं बदलणारच आहे. पण आमच्यापुढे उभं राहून चार माणसं बोलतात ना, तेवढं बदलू देऊ नका.